आठ दिवसांचा टोप

मी एक जुना तांब्याचा टोप आहे. माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलं. पण मित्रांनो, माझ्या वयावर जाऊ नका. वर्षातले फक्त आठ दिवस मी चुलीवर चढतो. बाकीचं वर्ष अंबरनाथच्या एका दोन खोल्यांच्या घरात, मोरीवरच्या माळ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेला पडून असतो. म्हणजे एवढ्या वर्षांत मी काम केलं ते जेमतेम वर्षभराचं. त्यातही एक वर्ष असं आलं की ते आठ दिवससुद्धा मला मिळाले नाहीत. ते का मिळाले नाहीत, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म पेणचा. तिथल्या एका तांबटाने मला तापवलं, ठोकलं, पुन्हा तापवलं. त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत, माशाच्या खवल्यांसारखे, एकाला एक लागून. आतून त्याने मला कल्हई केली. तांब्याच्या पोटात कथलाचा तो पांढरा थर दिला नाही, तर आंबट-गोड काहीही शिजवलेलं कळकतं. कल्हई झाल्यावर माझ्या पोटात माणसाचा चेहरा दिसू लागला. त्यात पहिला चेहरा उमटला तो सिम्हा नावाच्या मुलीचा. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या वडिलांनी मला तिच्यासाठी घेतलं होतं.

सिम्हाच्या माहेरचे आणि सासरचे लोक बेने इस्राएल. म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. घरात मराठी बोलतात, शनिवारी काम करत नाहीत, आणि वसंतात पेसाह नावाचा सण पाळतात. त्यांचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. सुटका झाली तेव्हा ते इतक्या घाईने निघाले की मळलेलं पीठ फुगायलासुद्धा सवड मिळाली नाही. त्याची आठवण म्हणून हे आठ दिवस घरात पाव नाही, चपाती नाही, रवा नाही. गव्हाचा कण म्हणून नाही. मात्झा नावाची बिनखमिराची कोरडी भाकर खायची. रोजच्या भांड्यांना वर्षभर गहू लागलेला असतो, म्हणून ती बांधून ठेवायची आणि माळ्यावरून आम्हाला उतरवायचं.

माझ्याकडे मानाचं काम होतं. खजुराचा शिरा. हा तुमचा रव्याचा शिरा नव्हे. काळा खजूर भिजवून शिजवायचा, पंच्यात घालून पिळायचा आणि तो रस मंद आचेवर आटवत आटवत काकवीसारखा दाट करायचा. सणाच्या पहिल्या संध्याकाळी मात्झाबरोबर तो खातात. पूर्वजांनी मिसरात ज्या चिखलाच्या विटा थापल्या, त्याची ती आठवण. चिखलाची आठवण इतकी गोड का करतात, ते मला अजून उमगलेलं नाही.

सिम्हाचे यजमान एलिजा आगपेटीच्या कारखान्यात होते. माणूस शांत, पण जेवणाच्या बाबतीत महा खोडीचा. मासा हवा, मात्र काटा दिसलेला चालायचा नाही. त्यांच्या आईला सगळ्यात मीठ जास्त लागायचं. पुढे मुलं झाली. बेनीला अंड्यापलीकडे जग दिसत नव्हतं. दिनाला नारळाच्या रसातलं काहीही चालायचं, पण त्यात बटाटा दिसला की ताट सरकवायची. त्यात सणाला पाहुणे. आणि गहू वर्ज्य झाल्यावर आठ दिवस या सगळ्यांना घालायचं काय?

सिम्हाबाईंनी त्यावर एक उपाय काढला होता. सणाच्या आधी त्या जमिनीवर आठ चिंचोके ओळीने मांडायच्या. एक चिंचोका म्हणजे एक दिवस, आणि एक दिवस म्हणजे एक माणूस. हा सासूबाईंचा, हा एलिजाचा, हा बेनीचा. ज्याचा दिवस, त्याच्या आवडीचा स्वयंपाक. बाकीच्यांनी तोंड वाकडं न करता जेवायचं, कारण उद्या आपलाही दिवस येणार आहे. उरतील ते चिंचोके पाहुण्यांचे. सण संपला की ते आठही चिंचोके एका चिंधीत बांधून माझ्या पोटात ठेवायच्या आणि मला धोतरात गुंडाळायच्या. हाताळून हाताळून ते इतके गुळगुळीत झाले होते की काळे मणीच वाटत.

मित्रांनो, इतक्या वर्षांत त्यातला एकही चिंचोका सिम्हाबाईंनी स्वतःच्या नावाने मांडला नाही. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "मला कसली आवड? तुम्ही जेवलात की झालं." सगळ्यांना ते खरंच वाटायचं. मला मात्र ठाऊक होतं. शिरा बरण्यांत भरून झाला, मंडळी इकडेतिकडे गेली, की पाच मिनिटं त्या आणि मी दोघंच असायचो. त्या पाच मिनिटांबद्दल मी कधी कोणाला सांगितलं नाही. मला सांगता येत नव्हतं, हे तर झालंच.

मग दोन वर्षांपूर्वी श्रावणात एलिजा गेले. तीन दिवस हॉस्पिटलात होते. त्यांना मातीत ठेवून माणसं दुपारी घरी परतली. दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारची द्रौपदी मदतीला आलेली होती. मूळची चामटोली गावची, राहायला जवळच्याच बुवापाड्यात, तिचा नवरा आणि एलिजा एकाच कारखान्यात. तीस वर्षांचा घरोबा. एवढ्या माणसांना पुरेल असं भांडं तिला ओट्यावर दिसेना. तिने माळ्यावर हात घातला, धोतर सोडलं आणि मला आपल्या घरी नेलं. बिचारीने त्यात रव्याचा उपमा केला.

माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच गहू लागला. मी सगळ्यांपुढे आलो तेव्हा तो उपमा वाफाळत होता, आणि सिम्हाबाई माझ्याकडे बघत होत्या. सात दिवसांनी दुखवटा उतरला. त्यांनी मला घासलं, पण माळ्यावर चढवलं नाही. गॅलरीत नेऊन उपडा घातला. माझ्या पाठीवर कपड्यांच्या चिमट्यांचा डबा आला. पावसाचं पाणी आलं, कबुतरं आली. माझी कल्हई काळवंडली. पुढचा पेसाह आला आणि गेला. त्या वर्षी घरात शिराच झाला नाही. ठाण्याच्या नातेवाइकांकडून मात्झा आणि तयार शिऱ्याची एक बाटली आली, तेवढ्यावर सण उरकला. आणि सिम्हाबाई जेवायच्या ते औषध घेतल्यासारखं. चार घास, मान खाली, हात धुतले.

यंदाचा सण त्यांच्या सुनेच्या, शेरॉनच्या, अंगावर आला. नणंद दिना इस्राएलहून नवरा आणि मुलीला घेऊन येणार होती. शेरॉन गॅलरीच्या दारात कागद घेऊन बसली, तेव्हा तिचं सगळं मला ऐकू येत होतं. दिनाच्या नवऱ्याच्या, यारोनच्या, घराण्यात या आठ दिवसांत भात आणि डाळही खात नाहीत. दिनाची मुलगी नोगा मांसाला हात लावत नाही. बेनी आता मोठा झाला, पण अजून अंडंच. शेरॉनची सहा वर्षांची याएल फक्त पांढरं खाते. भात, दही, खोबरं. आणि या लोकांत मांसाबरोबर दूध-दही खात नाहीत.

"आई, मटणाच्या दिवशी दही नाही ना चालणार?" शेरॉनने विचारलं.

"नाही."

"मग याएलला काय देऊ?"

"तुला जमेल ते दे."

"आणि शिरा? शिऱ्याचं कसं करायचं?"

"बाटली आण," सिम्हाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

शेरॉनने कागदावरचं सगळं खोडलं. तिला पदार्थांची एवढी काळजी नव्हती. या सणात आईंनी एकदा तरी पोटभर, आवडीने जेवावं, एवढंच तिला हवं होतं. आणि त्यांना काय आवडतं, हे विचारून विचारूनही तिला कळत नव्हतं. मी तिच्यापासून दोन हातांवर उपडा पडलो होतो. मित्रांनो, भांड्याला तोंड असूनही बोलता येत नाही, याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सणाची साफसफाई करायला द्रौपदी आली. गॅलरी धुताना तिने चिमट्यांचा डबा उचलला आणि मला सुलटा केला.

"अगो बाई, हा हितं काय करतो? आण, घासून देतंय. तुमच्या सणाचा ना हा?"

"नको मावशी, त्याला नका हात लावू," शेरॉन घाईघाईने म्हणाली. "तो आता सणाला नाही चालत. त्यात रवा शिजलाय."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. द्रौपदी हातातला खराटा तसाच धरून उभी राहिली.

"रवा म्हणजे माजाच ना? त्या दिवशीचा?" ती हळू म्हणाली. "म्हणून सिमाबाय दोन वरसं माज्याशी धड बोलली नाय. मला वाटलं, दुःखानं बोलत नाय."

ती तशीच ओल्या पायांनी आत गेली. मला हातात घेऊनच गेली. सिम्हाबाई पलंगावर मात्झाच्या पुड्यावरची तारीख बघत होत्या.

"सिमाबाय, मी तुजा टोप बाटवला. मला सांगायचं तरी. मी दुसरा घेऊन दिला असता."

"टोपाचं काही नाही गो," सिम्हाबाई म्हणाल्या. "तांब्याचा आहे. कल्हई केली, उकळला, की शुद्ध होतो. मला काय माहीत नाही?"

"मग?"

सिम्हाबाईंनी हातातला पुडा बाजूला ठेवला. शेरॉन दारात येऊन थांबली होती.

"त्या दिवशी मला भूक लागली होती," त्या म्हणाल्या. "ह्यांना मातीत ठेवून आले, अजून चपलांना माती होती. आणि तुझा उपमा समोर आला. वास आला. मी दोन वाट्या खाल्ला. बेनीने घास नाही घेतला. मी खाल्ला. हा टोप बघितला की मला तेच दिसतं. नवरा तिथे, आणि मी इथे बसून खातेय."

मग द्रौपदी पलंगाच्या कडेला टेकली. मला तिने मांडीवर घेतलं होतं.

"दोन नाय," ती म्हणाली. "तीन. तिसरी मी वाढली, तुजं लक्ष नव्हतं. तीन दिवस तू हॉस्पिटलात नुसत्या चहावर होतीस. खाल्लं नसतंस तर तुज्यासाठी परत तिथंच धावाय लागलं असतं. माजे पाय दुखतात, मी नसते आली."

सिम्हाबाईंचा चेहरा हलला. हसू आलं की रडू, मला खालून दिसलं नाही. माझ्या काठावर टप्पकन एक थेंब पडला, तेव्हा कळलं.

"पुरून आल्यावरचं पहिलं जेवण घरचं नसतंच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "शेजाऱ्याने द्यायचं, आणि दुखवट्यातल्या माणसाने खायचं. आमच्यात नेमच आहे तसा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंना मीच समोर बसून भरवलं होतं. त्यांना म्हणाले होते, खा, हे पुण्याचं आहे."

"मग तुला सांगायला कोण पायजे होतं?"

"तू."

"तर आता सांगतंय. आणि त्या टोपात चिंचोके होते, ते माज्याकडं हायत. औषधाचे असतील म्हणून डबीत ठेवले. आठ हायत, मोजून घे."

त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो. द्रौपदीने मला पिशवीत घालायला नकार दिला, काखेत धरूनच नेलं. सोबत शेरॉन. कॅम्पातल्या भांडीबाजारात कल्हई करणारा एकच म्हातारा आता उरला आहे. भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीशी भाता लावून बसतो. दुकानाचे सिंधी मालक मला बघून म्हणाले, "अम्मा, इसको भंगार में दे दो ना. नया नॉनस्टिक ले जाओ, मस्त है."

"तुमच्या नॉनस्टिकला पन्नास वरसांनी हितं घेऊन या, मग बोलू," द्रौपदी म्हणाली. मालक हसले आणि त्यांनी तिला बसायला स्टूल दिलं.

निखाऱ्यांवर मी लाल झालो. नवसागराचा धूर माझ्या पोटातून उठला, कथलाचा तुकडा वितळून पसरला, आणि म्हाताऱ्याने कापसाच्या बोळ्याने तो झरझर फिरवला. कितीतरी महिन्यांनी माझ्यात पुन्हा चेहरा दिसू लागला. शेरॉन वाकून बघत होती. या घरात येऊन तिला आठ वर्षं झाली होती, पण माझ्या पोटात तिचा चेहरा पहिल्यांदाच उमटला. एरवी ते बघायचा मान तिच्या सासूबाईंचा असायचा.

घरी आल्यावर एक दिवस आणि एक रात्र मला कोणी वापरलं नाही. मग शेरॉनने मला काठोकाठ पाणी भरून गॅसवर चढवलं. उकळी फुटली, तशी तिने आच कमी केली.

"मोठा कर गॅस," मागून सिम्हाबाईंचा आवाज आला. "काठावरून गेलं पाहिजे. आतलं-बाहेरचं सगळं धुऊन निघालं पाहिजे."

पाणी ओसंडून माझ्या अंगावरून खाली उतरलं. मग गार पाण्याने मला न्हाऊ घातलं. मी पुन्हा सणाचा झालो.

दिना आणि तिची मंडळी आली त्या संध्याकाळी शेरॉनने जमिनीवर चिंचोके मांडले. सगळे भोवती बसले.

"हा याएलचा. भात, नारळाचं दूध, पांढरं सगळं. यारोननी त्या दिवशी उकडलेले बटाटे खायचे. हा यारोनचा, भात बंद. पापलेट आणि बटाटे. हा नोगाचा, भाज्याच भाज्या. हा बेनीचा."

"अंडी," सगळे एकदम म्हणाले.

"हा दिनाताईंचा. नारळाच्या रसातलं मटण, बटाटा न घालता. हा माझा, मला कोणी तरी आयतं वाढायचं. हा द्रौपदीमावशींचा."

"मला तिखट," द्रौपदी दारातून म्हणाली. "तुमचं ते गुळमट नको."

आठवा चिंचोका उरला. शेरॉनने तो सिम्हाबाईंच्या पुढ्यात सरकवला. "आई, हा तुमचा. काय करू?"

"मला कसली आवड," त्या नेहमीसारखं म्हणाल्या. "पाहुण्यांचा ठेव."

"पाहुण्यांचे देऊन झाले," शेरॉन म्हणाली. तिने तो चिंचोका उचलला नाही. तो तसाच राहिला, रात्रभर, त्यांच्या पाटासमोर.

दुसऱ्या दिवशी शिरा. पंच्याचं एक टोक सिम्हाबाईंनी धरलं, दुसरं द्रौपदीने, आणि दोघींनी उलट्या बाजूंना पीळ दिला. काळा रस माझ्यात धो धो पडला. ढवळायला शेरॉन होती. अर्ध्या तासात तिने तीनदा आच वाढवली. शेवटी सिम्हाबाईंनी तिच्या हातातून कालथा घेतला. "दे इकडे. खजूर कोणाची घाई ऐकत नाही." मग त्या दोन तास उभ्या होत्या. पाय दुखतात म्हणून कुरकुरल्यासुद्धा नाहीत. माझ्या बुडाशी रस धरू लागला, कडेने चकचकीत तार सुटू लागली, आणि तो जुना वास घरभर गेला.

शिरा बरण्यांत भरला. मंडळी पांगली. शेरॉनने मला उचलून मोरीत नेलं आणि नळाला हात घातला. माझ्या तळाशी, कडेकडेने, आटून दाट झालेली शिऱ्याची खरवड चिकटलेली होती. अर्ध्या बोटाएवढा थर. आता त्यावर पाणी पडणार होतं. मी काय करू शकत होतो?

"थांब," सिम्हाबाई म्हणाल्या. "पाणी नको घालू."

शेरॉन वळली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, लहान मुलगी चोरी करताना सापडावी तशा. त्यांच्या मुठीत तो आठवा चिंचोका होता.

"इतकी वर्षं कोणी नसताना खायचे," त्या म्हणाल्या. "ह्यांनाही माहीत नव्हतं. खरवड मला आवडते. बाटलीतल्या शिऱ्याला खरवड नसते."

शेरॉनने खाली पाट मांडला. सिम्हाबाई बसल्या आणि मला मांडीवर घेतलं. बोटाने माझ्या तळाची, कडेची, प्रत्येक ठोक्याच्या खळग्यातली खरवड काढत त्या खाऊ लागल्या. सावकाश. मान वर करून. सगळ्यांसमोर. दिना, यारोन, बेनी, सगळे येऊन बघत उभे राहिले. त्या थांबल्या नाहीत.

याएल पुढे सरकली. "आजी, मला?"

"हे पांढरं नाही," सिम्हाबाई म्हणाल्या.

"चालेल."

"आज माझा दिवस आहे," त्या म्हणाल्या. मग दोन घास आणखी खाऊन, तिसरं बोट त्यांनी याएलच्या तोंडात दिलं.

सणाच्या पहिल्या संध्याकाळी सगळे ताटाभोवती बसले. याएलने पुस्तकातून रीतीप्रमाणे विचारलं, आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का. मोठ्यांनी मिसरच्या सुटकेची गोष्ट सांगितली. मी ओट्यावरून ऐकत होतो. एलिजांची जागा रिकामी होतीच. सिम्हाबाई तिकडे बघत होत्या आणि जेवत होत्या. दोन्ही एकदम करता येतं, हे त्यांना आता कळलं असावं. पुढचे दिवस ज्याचे त्याचे गेले. द्रौपदीच्या दिवशी यारोनच्या डोळ्यांत पाणी आलं, तिखटाने.

आज नववा दिवस. रोजची भांडी सुटली, चपातीचा तवा तापला, आणि शेरॉनने मला घासून, पुसून, धोतरात गुंडाळलं. चिंधीत सात चिंचोके बांधले. आठवा सिम्हाबाईंनी तिच्या हातातून घेतला आणि सुटाच माझ्या पोटात टाकला. "पुढच्या वर्षी हाताला आधी हा लागू दे," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना घासा, कल्हई करा, गॅलरीत टाकू नका, हे मी सांगणारच होतो. ते सांगतोच. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात सगळ्यांच्या आवडी जिला पाठ आहेत, तिची आवड कोणती, ते तिला विचारा. ती म्हणेल, मला कसली आवड. तेव्हा ताटावरून उठू नका. तिच्यापुढे एक चिंचोका ठेवा आणि तो उचलू नका.

मी आता माळ्यावर आहे. खालून उल्हासनगरच्या गाडीचा आवाज येतो, भिंत थोडी हलते, आणि माझ्या पोटात तो सुटा चिंचोका एकदा इकडे, एकदा तिकडे घरंगळतो.